कळ दाबली, पण पावती गेली कुठे?

संगणकाच्या पडद्याचे चित्र टिपणाऱ्या कळा आपल्या कामानुसार कशा बदलाव्यात

प्रतिनिधी, नशिराबाद

जळगावहून भुसावळकडे निघाले की दहा-एक किलोमीटरवर महामार्गालगत नशिराबाद लागते. दहावी-बारावीचे निकाल लागले की येथील सेवा केंद्रांवर गर्दी सुरू होते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमीलेअर, कुणाला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. पुढे केळीच्या फळपीक विम्याची मुदत जवळ आली की त्याच खुर्च्यांवर शेतकरी येऊन बसतात. कामे निरनिराळी असली तरी शेवट बहुधा एकच असतो. शुल्क भरले जाते, पडद्यावरचे चक्र काही क्षण फिरते आणि एक पान उमटते. त्यावर अर्ज क्रमांक, व्यवहार क्रमांक, रक्कम, दिनांक आणि वेळ असते.

या पानाचे आयुष्य फार थोडे असते. कधी ते आपोआप मुखपृष्ठाकडे वळते, कधी 'सत्र संपले' असा संदेश येतो, कधी पावतीची पीडीएफ उतरवण्याचे बटण दाबताच संकेतस्थळ गळाठते. खात्यातून पैसे तर गेलेले असतात. त्यानंतर बँकेत किंवा तहसील कचेरीत विचारणा करायला गेले, की पहिला प्रश्न येतो तो व्यवहार क्रमांकाचा. तो ज्या पानावर होता ते पान आता कुठेच नसते.

अशा वेळी पडद्याचे चित्र, म्हणजेच स्क्रीनशॉट, हाच हाताशी उरलेला पुरावा असतो. मोबाइलवर तो घेणे आता शाळकरी मुलांनाही जमते. संगणकावर मात्र वर्षानुवर्षे काम करणारी माणसेही ऐनवेळी कळफलकावर बोट फिरवत राहतात, किंवा सरळ खिशातला मोबाइल काढून मॉनिटरचा फोटो घेतात. त्या फोटोत ट्यूबलाइटची चकाकी येते आणि नेमका व्यवहार क्रमांकच पुसट होतो. खरे तर संगणकात ही सोय फार पूर्वीपासून आहे. तिच्या कळा आपल्या हाताला व आपल्या कामाला जुळतील अशा बदलूनही घेता येतात. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

'प्रिंट' नावाची, पण न छापणारी कळ

कळफलकाच्या वरच्या ओळीत उजवीकडे 'प्रिंट स्क्रीन' किंवा तिचे संक्षिप्त रूप लिहिलेली एक कळ असते. ती दाबल्यावर छपाई होत नाही, काही उघडत नाही, आवाजही येत नाही. त्यामुळे ही कळ बिघडलेली आहे, असा अनेकांचा समज असतो. तिच्या नावामागे इतिहास आहे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा शिफ्टसह ही कळ दाबली की पडद्यावरची अक्षरे खरोखरच जोडलेल्या छपाईयंत्रावर उमटत असत. पुढे विंडोज आली, पडद्यावर अक्षरांच्या जागी चित्रे आली आणि कळेचे काम बदलले. ती पडद्याचे चित्र कागदावर न पाठवता संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे क्लिपबोर्डवर ठेवू लागली. नाव मात्र जुनेच राहिले.

सगळा घोटाळा या क्लिपबोर्डमुळे होतो. क्लिपबोर्ड म्हणजे एकच पान मावणारी पाटी. तिच्यावर काही नवे लिहिले की जुने पुसले जाते. पावतीचे चित्र घेतल्यानंतर ते पेंटमध्ये किंवा वर्डमध्ये चिकटवण्यापूर्वी एखादा आधार क्रमांक जरी 'कॉपी' केला, तरी चित्र गेले. संगणक बंद झाला तरी गेले. आणि आपल्याकडे वीज जाण्यासाठी वादळच यावे लागते असे नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीनेही हा धडा स्वतःच्या फजितीतून घेतला आहे. काही वर्षांपूर्वी मतमोजणीच्या दिवशी एका फेरीचे आकडे पडद्यावर आले. ते लगेच बदलणार हे ठाऊक असल्याने प्रिंट स्क्रीन दाबली आणि निर्धास्तपणे बातमी लिहायला घेतली. मधल्या काळात एका उमेदवाराचे नाव एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवले. नंतर आकडे पाहण्यासाठी चित्र चिकटवायला गेलो, तर पानावर त्या उमेदवाराचे नाव तेवढे उमटले. तोवर पुढच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या आणि कार्यालयातून दूरध्वनी वाजत होता. चूक यंत्राची नव्हती. कळ दाबल्यावर चित्र कुठे जाते, हे न तपासता विश्वास ठेवणाऱ्याची होती.

तेव्हा कळा बदलायला बसण्यापूर्वी एका गोष्टीचा निर्णय करावा. आपल्याला चित्र लगेच कुठेतरी चिकटवायचे असते, की जपून ठेवायचे असते? चिकटवायचे असेल तर क्लिपबोर्ड ठीक. जपायचे असेल तर कळ दाबताच फाईल तयार झालीच पाहिजे. पावतीच्या बाबतीत दुसरा मार्ग सोडून कोणताही मार्ग धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विंडोजमध्ये आधीपासून काय आहे

नुसती प्रिंट स्क्रीन दाबली की मूळ रचनेनुसार संपूर्ण पडदा क्लिपबोर्डवर जातो. ऑल्टसह दाबली तर फक्त चालू असलेली खिडकी जाते. विंडोज कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबल्या तर पडदा क्षणभर मंद होतो आणि 'पिक्चर्स'मधील 'स्क्रीनशॉट्स' या फोल्डरमध्ये फाईल तयार होते. ही सोय २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून आहे. फारशी प्रसिद्धी न मिळालेली, पण पावतीसाठी सर्वांत भरवशाची जोडी हीच. चौथी जोडी विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळांची. ती २०१७ मध्ये विंडोज १० ला मिळाली. ही दाबल्यावर पडदा झाकोळतो आणि माऊसने हवा तेवढाच चौकोन आखता येतो.

फाईलच्या नावातही फरक आहे आणि तो बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. विंडोज-प्रिंट स्क्रीनने घेतलेल्या फायलींना नुसते अनुक्रमांक मिळतात. विंडोज ११ मधील स्निपिंग टूल आपोआप साठवते, त्या फायलींच्या नावातच दिनांक आणि वेळ असते. दिवसाला चाळीस अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला 'मंगळवारी दुपारी आलेल्या बाईंची पावती' शोधायची असते. त्याला या दुसऱ्या पद्धतीचा उपयोग अधिक. पहिल्या पद्धतीत फाईलचे नाव तत्काळ बदलून त्यात अर्ज क्रमांक घालण्याची सवय लावावी लागते.

आता बदलाकडे वळू. सर्वांत सोपा बदल स्वतः विंडोजनेच देऊ केला आहे. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', त्यात 'कीबोर्ड' येथे जावे. विंडोज १० मध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'च्या जागी 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस' असे नाव आहे. तेथे प्रिंट स्क्रीन कळेने स्क्रीन टिपण्याची खिडकी उघडावी, अशा अर्थाचे एक बटण दिसते. ते चालू केले की तीन कळांचे काम एकट्या प्रिंट स्क्रीनवर येते. २०२३ पासून विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे बटण मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. 'परवापर्यंत प्रिंट स्क्रीन नीट चालत होती, आता पडदा काळा पडतो' ही तक्रार त्यातूनच आली. ज्यांना जुनीच पद्धत हवी, त्यांनी तेथेच जाऊन ते बंद करावे.

याच्या जोडीला स्निपिंग टूल उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये स्क्रीनशॉट आपोआप साठवण्याचा पर्याय चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. तो बंद असेल तर कळ बदलूनही चित्र पुन्हा क्लिपबोर्डवरच राहील आणि मूळ दुखणे कायम राहील. चित्रे कोणत्या फोल्डरमध्ये जावीत हेही ठरवता येते. 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'लोकेशन' येथे गेल्यास ते फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवता येते. संगणक 'फॉरमॅट' करण्याची वेळ आली की बहुधा सी ड्राइव्ह पुसला जातो. त्यामुळे हा दोन मिनिटांचा बदल जरूर करावा.

कळ एक, दावेदार अनेक

सगळे नीट केले तरी काही संगणकांवर प्रिंट स्क्रीन ऐकत नाही. याचे नेहमीचे कारण म्हणजे दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामने ती कळ आधीच बळकावलेली असते. यात पहिला संशयित वनड्राइव्ह. स्क्रीनशॉट आपोआप वनड्राइव्हवर साठवण्याचा पर्याय त्यात असतो. एखाद्या वेळी पडद्यावर प्रश्न येतो, घाईत आपण होकार देतो आणि त्या दिवसापासून चित्रे इंटरनेटवरील साठ्यात जाऊ लागतात. ड्रॉपबॉक्समध्येही अशीच सोय आहे. घड्याळाजवळील ढगाच्या चिन्हावर क्लिक करून वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय बंद करता येतो. सार्वजनिक केंद्रातील संगणकावर तो बंदच असला पाहिजे. त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरी अडचण लॅपटॉपची. जागा वाचवण्यासाठी अनेक लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीन दुसऱ्या एखाद्या कळेच्या पोटात बसवलेली असते आणि तिच्यासाठी खालच्या ओळीतील 'एफएन' कळही दाबावी लागते. विंडोज, एफएन आणि प्रिंट स्क्रीन या तिन्ही कळा एका हाताने दाबणे म्हणजे हार्मोनियमवर अवघड सूर धरण्यासारखे होते. काही छोट्या यंत्रांवर तर ही कळ नसतेच. मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारख्या यंत्रांवर एफएन, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून तिचे काम भागवता येते.

यावर खरा उपाय म्हणजे न वापरातली एखादी कळ या कामाला जुंपणे. विंडोज-शिफ्ट-एस ही जोडी बदलून दुसरी ठेवण्याची जागा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच 'पॉवरटॉईज' हा मोफत संच घ्यावा लागतो. त्यात 'कीबोर्ड मॅनेजर' नावाचे साधन आहे. ते उघडून 'रीमॅप अ की' येथे जावे, एका बाजूला आपल्याला हवी ती कळ निवडावी आणि दुसऱ्या बाजूला ती दाबल्यावर कोणती जोडी दाबल्यासारखे व्हावे ते सांगावे. उदाहरणार्थ, पॉज किंवा स्क्रोल लॉक या कळांना बहुतेकांच्या आयुष्यात काहीच काम नसते. पॉज दाबली की विंडोज-प्रिंट स्क्रीन आणि स्क्रोल लॉक दाबली की विंडोज-शिफ्ट-एस, अशी वाटणी केली तर पहिल्या कळेने संपूर्ण पडद्याची फाईल आणि दुसरीने हवा तो चौकोन मिळतो. दोन्ही कळा शेजारी शेजारीच असतात.

पॉवरटॉईजची काही पथ्ये आहेत. ते पार्श्वभूमीवर चालू असेल तोवरच बदल लागू राहतो, म्हणून संगणक सुरू होताच ते आपोआप सुरू व्हावे असे ठरवून द्यावे. एखादा प्रोग्राम 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवला असेल, तर पॉवरटॉईजही तसेच चालवल्याखेरीज त्या खिडकीत बदललेली कळ काम करत नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आणि विंडोज-एल या जोड्या कुणालाही बदलता येत नाहीत. त्या सुरक्षेसाठी राखीव आहेत.

जुन्या संगणकांचे काय? विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने नेहमीचा आधार देणे थांबवले. म्हणून ती यंत्रे सगळ्यांनीच टाकून दिली असे झालेले नाही. विंडोज ७ मध्ये स्निपिंग टूल आहे, पण त्याला स्वतःची कळ नाही. त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर आणून, उजव्या क्लिकने 'प्रॉपर्टीज' उघडून, 'शॉर्टकट की' या चौकटीत एखादे अक्षर दाबले की कंट्रोल-ऑल्टसह ते अक्षर अशी कळ तयार होते. शॉर्टकट डेस्कटॉपवरून उचलून भलत्याच फोल्डरमध्ये टाकला तर मात्र ती चालत नाही.

मराठी टंकणाऱ्यांसाठी

येथे एक धोका असा आहे, ज्याची दखल इंग्रजी मार्गदर्शिका सहसा घेत नाहीत. विंडोजमधील अनेक भारतीय भाषांच्या कळफलक-मांडण्यांत उजवी ऑल्ट कळ काही विशेष चिन्हे उमटवण्यासाठी वापरतात आणि अशा मांडणीत उजवी ऑल्ट म्हणजे कंट्रोल व ऑल्ट एकत्र, असे संगणक समजतो. त्यामुळे स्क्रीनशॉटसाठी कंट्रोल-ऑल्ट-अक्षर अशी जोडी ठेवली, तर मराठी मजकूर लिहिताना मध्येच पडदा झाकोळण्याची शक्यता असते. उलट, अक्षर उमटायचे तेथे ते न उमटण्याचीही शक्यता असते. त्याचप्रमाणे विंडोज-स्पेस आणि डावी ऑल्ट-शिफ्ट या जोड्या भाषा बदलण्यासाठी वापरात असतात. त्यांना हात लावू नये. काही जुन्या मराठी टंकन-प्रणालींत इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एखादी स्वतंत्र कळ राखलेली असते. ती कोणती हे पाहूनच स्क्रोल लॉक किंवा पॉज यांची निवड करावी. नाही तर दाखल्यावरचे आडनाव अर्धे मराठीत आणि अर्धे भलत्याच लिपीत जायचे.

मराठी वाचकाचे आणि स्क्रीनशॉटचे नाते तसे जुने आहे. दोन हजारच्या दशकात मराठी संकेतस्थळांचे फॉन्ट निरनिराळे होते आणि एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की त्याची अगम्य चिन्हे होत. परदेशातल्या मुलाला मराठी बातमी पाठवायची तर पडद्याचे चित्र काढून ईमेलला जोडण्यावाचून इलाज नसे. युनिकोड रुळल्यावर ती गरज संपली.

इतर साधने

ज्यांना रोज अनेक चित्रे घ्यावी लागतात त्यांच्यासाठी ग्रीनशॉट हे मोफत साधन उपयुक्त आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक प्रकारासाठी एकेक चौकट असते. चौकटीत क्लिक करून हवी ती कळ दाबली की ती नोंदवली जाते. शेवटी आखलेला चौकोन पुन्हा जसाच्या तसा टिपणे हा त्यातील प्रकार केंद्रचालकांच्या विशेष कामाचा आहे. पावती दरवेळी पडद्याच्या एकाच भागात उमटत असेल तर माऊसला हातही लावावा लागत नाही. शेअरएक्स हे दुसरे साधन याहून शक्तिमान आहे. पण चित्र थेट इंटरनेटवर चढवण्याचीही सोय त्यात असल्याने, ती बंद आहे याची खात्री केल्याशिवाय ते दुसऱ्यांची कागदपत्रे हाताळणाऱ्या संगणकावर बसवू नये.

अ‍ॅपलच्या मॅकवर शिफ्ट-कमांड-३ ने संपूर्ण पडदा, ४ ने निवडलेला भाग टिपला जातो आणि फाईल डेस्कटॉपवर येते. २०१८ पासून ५ ने सर्व पर्यायांची पट्टी उघडते आणि चित्रे कुठे साठवावीत हेही तेथेच ठरवता येते. कळा बदलण्यासाठी 'सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'कीबोर्ड', तेथून 'कीबोर्ड शॉर्टकट्स' आणि 'स्क्रीनशॉट्स' असा मार्ग आहे. जुन्या जोडीवर दोनदा क्लिक करून नवी दाबायची. ती आधीच कुठे वापरात असेल तर इशाऱ्याचे चिन्ह दिसते. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीतही सेटिंग्जच्या कीबोर्ड विभागात अशीच सोय आहे आणि दोन कामांना एकच कळ दिल्यास ती आधी विचारते. विंडोजने हे एवढे तरी शिकायला हरकत नव्हती.

काय टिपावे, आणि त्याला किंमत किती

पावतीचे चित्र घेताना नुसता पावतीचा चौकोन आखण्याचा मोह टाळावा. संपूर्ण पडदा घ्यावा. वर संकेतस्थळाचा पत्ता आणि खाली संगणकाचे घड्याळ व दिनांक चित्रात आले पाहिजेत. तक्रार निवारताना 'हे कोणत्या संकेतस्थळाचे आणि केव्हाचे' हा प्रश्न हमखास निघतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवल्यास चित्र आकुंचन पावते आणि बारीक आकडे विरतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते.

स्क्रीनशॉट म्हणजे मूळ दस्तऐवज नव्हे, हेही तितकेच ध्यानात ठेवले पाहिजे. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये शुल्क भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घ्या. त्यातील स्वाक्षरी पीडीएफ फाईलच्या आत असते. त्याचे चित्र काढले की सातबारा दिसतो तसाच, पण ती स्वाक्षरी तपासता येत नाही. कर्जप्रकरणाला मूळ पीडीएफच द्यावी लागते.

न्यायालयातही हाच भेद पुढे येतो. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा होता. मूळ उपकरण हजर न करता इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद कायम असून, प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या बोटांच्या ठशासारखी ओळख, देणे अपेक्षित आहे. चित्रात एक ठिपका जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. तेव्हा वादाची शक्यता असलेली फाईल कापू नये, तिच्यावर रेघा ओढू नयेत, तिला लाल वर्तुळ करू नये. खुणा करायच्याच असतील तर आधी तिची प्रत काढून त्या प्रतीवर कराव्यात. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर चित्रे गोळा करण्यात वेळ न दवडता प्रथम १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. चित्रे त्यानंतर लागतात.

दुसऱ्याचे चित्र, आपला संगणक

आता वर राखून ठेवलेली गोष्ट. कळ दाबताच फाईल तयार व्हावी, असा सल्ला आम्ही दिला. पण सेवा केंद्रातील संगणकावर त्याचा एक परिणाम असा होतो की, 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये गावातल्या शेकडो माणसांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि मोबाइल क्रमांक साचत जातात. स्वतःच्या लेखी त्या माणसाने फक्त एक अर्ज भरलेला असतो. वनड्राइव्हचा पर्याय चालू राहिला असेल, तर तीच चित्रे केंद्रचालकाच्या खात्यातून त्याच्या घरच्या संगणकावरही पोहोचलेली असतात. विंडोज-व्ही या जोडीने दिसणारा क्लिपबोर्डचा इतिहास चालू केलेला असेल, तर मागच्या ग्राहकाची माहिती पुढच्या ग्राहकासमोर एका क्षणात उघडते.

यावर उपाय अवघड नाहीत. पावतीचे चित्र ग्राहकाच्या ईमेलवर किंवा मोबाइलवर त्याच्यादेखत पाठवावे. फोल्डर दर आठवड्याला रिकामे करावे आणि पाठोपाठ 'रिसायकल बिन'ही. ग्राहकानेही खुर्ची सोडण्यापूर्वी 'माझा फोटो कुठे ठेवलात?' असे विचारायला संकोचू नये. आधार द्यायचाच असेल तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळते.

चित्रातील आकडे झाकायचे असतील तर गडद, भरीव चौकोन वापरावा. पिवळ्या हायलायटरच्या साधनाला काळा रंग देऊन फासलेला पट्टा बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की त्याखालचे आकडे वाचता येतात. कापलेल्या भागाचीही अशीच कथा २०२३ मध्ये उघड झाली. विंडोज ११ चे स्निपिंग टूल आणि विंडोज १० चे स्निप अँड स्केच यांत चित्र कापून त्याच फाईलवर पुन्हा साठवले, तर कापून टाकलेल्या भागाचा काही अंश फाईलच्या शेपटीत तसाच राहत असे आणि जाणकाराला तो परत मिळवता येई. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दुरुस्ती दिली. परंतु त्यापूर्वी कापून पाठवलेल्या चित्रांना ती लागू होत नाही. ज्यांचे संगणक तेव्हापासून अद्ययावत झालेले नाहीत, त्यांनी कापलेले चित्र नव्या नावाने साठवावे.

एकाच संगणकावर दोघे-तिघे पाळीपाळीने बसत असतील तर कळा बदलण्यापूर्वी आपसांत ठरवून घ्यावे. सकाळच्या पाळीतल्याने पॉजवर ठेवलेली सोय दुपारच्या पाळीतल्याला ठाऊक नसेल, तर तो सवयीने प्रिंट स्क्रीनच दाबणार. मॉनिटरच्या कडेला 'पॉज – पूर्ण पडदा, फाईल. स्क्रोल लॉक – चौकोन' एवढी चिठ्ठी चिकटवली तरी भागते. बदल केल्यावर एकदा तालीम करावी. कोणतेही पान उघडून कळ दाबावी, त्यानंतर मुद्दाम दुसरा मजकूर कॉपी करावा, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि फोल्डर उघडून पाहावे. चित्र तेथे असेल, तर रांगेतल्या पुढच्या माणसाला आत बोलवायला हरकत नाही.